हंगेरियन ग्रां प्रीला जाताय? बुडापेस्ट असं बसवा

हंगारोरिंग, म्हणजे या फॉर्म्युला वन कारशर्यतीचा ट्रॅक, बुडापेस्टात नाही, साधारण 20 किलोमीटरवर मोग्योरोदला आहे. त्यामुळे शर्यतीचे शुक्रवार ते रविवार सोडून शहर बघायचं ते गुरुवारी नाहीतर सोमवारी. रविवारची संध्याकाळ परतीच्या गर्दीतच जाते.

मुक्काम एम2 मेट्रोजवळ घ्या. ओर्श वेझेर तेरेला एच8 लोकल पकडा, सिलाशलिगेतला उतरा, पुढे साधारण अर्धा तास चाल. नवखे इथेच फसतात: शहराचा पास हद्दीपर्यंतच चालतो, पुढचं जादा तिकीट आधीच काढा. मेट्रोचं कागदी सुटं तिकीटही आत शिरताना यंत्रात छापून घ्यायचं, नाहीतर तिकीट खिशात असूनही दंड.

संसदेची आतली फेरी आधीच ऑनलाइन बुक करा, ऐन वेळी सहसा मिळत नाही. बाहेरून मात्र 2 नंबरच्या ट्रामसारखी मजा नाही. अंधार पडल्यावर बसा, नदीकडची खिडकी धरा. 1896 ची एम1 मेट्रो थेट सेचेनी स्नानगृहाला सोडते. टॉवेल, चपला घरच्याच न्या. पोहण्याच्या तलावात टोपी सक्तीची.

चलन फोरिंट, युरो नव्हे. कार्डयंत्राने ‘रुपयांत घेऊ?’ विचारलं तरी फोरिंटच दाबा. रुपयांचा भाव महाग पडतो. मित्रांचा हिशोब रोजच्या रोज मिटवा.