सगळ्या माश्या मेल्या तर बरंच होईल ना?
नाही भाऊ, उलट आपलंच नुकसान होईल. जगात माश्यांच्या दीड लाखाच्या वर जाती नोंदवल्यात, घरात त्रास देणाऱ्या त्यातल्या मोजक्याच. आपल्या जळगाव-चोपड्याकडे कपाशीवर मावा, म्हणजे पानातला रस शोषणारी बारीक कीड, पडला की पान उलटं करून बघा, माव्याच्या गर्दीत हिरवट, बिनपायाची अळी सरकताना दिसेल, ती सिरफिड माशीची, मोठी होईपर्यंत शेकडो मावा फस्त करते आणि लोक तिलाच कीड समजून फवारा मारतात, फार वाईट वाटतं. तिची माशी पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची, मधमाशीसारखीच, पण पंख दोनच आणि डंख नाही, कांद्याच्या फुलांवर परागीभवनपण करते. शेण, मेलेलं जनावर कुजवायलाही माश्यांच्या अळ्यांची मोठी मदत होते. त्यामुळे आधी पान बघा, मगच पंप उचला.