समाज आणि संस्कृती यांत नेमका फरक काय? हळदीकुंकवाच्या उदाहरणाने एक उत्तर

तुम्ही विचारले आहे की, अकरावीच्या समाजशास्त्राच्या पुस्तकातील समाज आणि संस्कृती यांच्या व्याख्या पाठ करूनही ही एकाच गोष्टीची दोन नावे वाटतात. मग फरक नेमका कोणता, आणि विवाहासारखी संस्था या दोहोंपैकी कशात धरायची? मी हा विषय शिकवते आणि ही अडचण वर्गात हमखास येते. दोष बहुधा विद्यार्थ्यांचा नसतो. ‘भारतीय समाज’ आणि ‘भारतीय संस्कृती’ एवढी अवाढव्य उदाहरणे समोर ठेवली, तर त्यांत दोहोंमधली सीमारेषा दिसणार तरी कशी?

समाज म्हणजे माणसामाणसांतील संबंधांची रचना: कोण कोणाचा कोण लागतो, कोणाचा अधिकार कोणावर चालतो, कोणाचे कोणावाचून अडते. संस्कृती म्हणजे त्या माणसांनी शिकून घेतलेल्या समजुती, मूल्ये, नियम, चिन्हे, कसब आणि त्यांतून घडलेल्या वस्तू. ब्रिटिश मानवशास्त्रज्ञ एडवर्ड टायलर यांनी १८७१ मध्ये केलेल्या व्याख्येतील ज्ञान, श्रद्धा, कला, नीती, कायदा, रूढी ही यादी सगळे घोकतात. पण महत्त्वाचा आहे तो तिचा शेवटचा भाग. हे सारे माणसाने समाजाचा घटक म्हणून संपादन केलेले असते, ते उपजत नसते, असे तो भाग सांगतो. म्हणजे समाजाशिवाय संस्कृती शिकता येत नाही, आणि शिकलेल्या संस्कृतीशिवाय माणसांचा समाज चालत नाही. दोन्ही कायम एकत्र सापडतात म्हणून त्या एकच वाटतात.

त्यांना वेगळे करून पाहायचे, तर संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत चालणारे हळदीकुंकू घ्या. कोणाला बोलवायचे हे ठरवताना यजमानीणबाईंच्या मनात जावा, नणंदा, शेजारणी, कार्यालयातील मैत्रिणी अशी नात्यांची एक यादी असते. ती यादी म्हणजे समाजाचा एक तुकडा. आलेल्या बाईला हळदकुंकू लावणे, अत्तर, तिळगूळ, ओटी भरणे, वाण लुटणे, आणि या सगळ्याला सौभाग्याचा जो अर्थ जोडलेला आहे तो, ही संस्कृती. आता त्याच घरात नवरा वारलेली एक जाऊ राहते असे समजा. नवऱ्याच्या मृत्यूने तिची इतर नाती संपलेली नाहीत. ती मुलांची आई आहे, पुतण्यांची काकू आहे, कदाचित घरात सर्वांत जास्त पगार आणणारीही तीच आहे. तिळाच्या वड्या तिनेच थापलेल्या असतात. पण बायका येऊ लागल्या की ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आतच राहते, आणि तिला आत थांब असे कोणी म्हटलेलेही नसते. संबंधांच्या जाळ्यात ती पूर्णपणे आहे. अर्थाच्या जाळ्यात मात्र तिला वगळलेले आहे. माझ्या मते समाज आणि संस्कृती यांतील फरक याहून स्वच्छ कुठे दिसत नाही.

पुस्तकातील बाकीच्या संकल्पनाही याच उंबऱ्यावर सापडतात. विधवा हा तिचा दर्जा, आणि तो अर्पित आहे, कारण तो तिने कमावलेला नाही. शिक्षिका किंवा परिचारिका हा तिचा अर्जित दर्जा. दर्जानुसार जे वागणे अपेक्षित असते ती भूमिका. विधवेने मंगल प्रसंगी पुढे येऊ नये हे प्रमाणक, म्हणजे कसे वागावे याचा समाजमान्य नियम, आणि त्यामागे सौभाग्याला सर्वांत वरचे स्थान देणारे मूल्य. प्रमाणक मोडल्यास कुजबुज, टोमणे, पुढच्या वर्षी आमंत्रण नाही, अशी शिक्षा. ती जाऊ आपणहून मागे राहते, याचे कारण हे नियम लहानपणापासूनच्या सामाजिकीकरणात तिच्या आत उतरलेले आहेत. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम यांनी सामाजिक तथ्ये, म्हणजे समाजाने घालून दिलेल्या वागण्या-विचाराच्या रीती, व्यक्तीच्या बाहेरची असूनही तिच्यावर दडपण आणतात असे म्हटले, त्याचा अर्थ लावायला हा प्रसंग पुरेसा आहे.

प्रमाणके किती जड असतात हे कायद्याशी तुलना केल्यावर कळते. विधवाविवाहाला मान्यता देणारा कायदा १८५६ मध्ये झाला. त्यानंतर ३७ वर्षांनी, १८९३ मध्ये, धोंडो केशव कर्वे यांनी गोदूबाई या विधवेशी पुण्यात विवाह केला, तेव्हा कोकणातील त्यांच्या मुरूड गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. कायदा त्यांच्या बाजूने होता, गावाची लोकनीती, म्हणजे योग्य-अयोग्य ठरवणाऱ्या कडक रूढी, नव्हती. (याच कर्व्यांच्या सूनबाई इरावती कर्वे पुढे भारतातील नातेसंबंधांच्या रचनेवर मूलभूत काम करणाऱ्या मानवशास्त्रज्ञ झाल्या.) अलीकडचे उदाहरण उलट दिशेचे आहे. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडने नवरा वारल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे, जोडवी काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्याच्या ग्रामविकास विभागाने इतर ग्रामपंचायतींनीही तो कित्ता गिरवावा असे परिपत्रक काढले. येथे गावाने स्वतःचेच प्रमाणक बदलायला घेतले. अर्थात ठराव मांडणे एका बैठकीत होते; आमंत्रणांची यादी बदलायला अधिक काळ लागतो.

एक सावधगिरी मात्र बाळगा. एका समाजाची एकच संस्कृती असते असे समजू नका. ज्या काळात ब्राह्मण घरांत विधवेचे केशवपन होत असे, त्याच काळात महाराष्ट्रातील अनेक जातींत विधवेचा पाट लागत असे, म्हणजे तिचे दुसरे लग्न होत असे. काही ठिकाणी त्याला म्होतूर म्हणत. पहिल्या लग्नाइतका मान त्याला नसे, पण ते मान्य नाते होते. त्याच गावात, त्याच बलुतेदारीच्या व्यवहारात, शेजारी शेजारी राहणाऱ्यांचे नियम इतके वेगळे होते. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी ज्याला संस्कृतीकरण म्हटले, म्हणजे जातीची प्रतिष्ठा वाढवण्यासाठी वरच्या जातींचे आचार उचलणे, त्यात विधवाविवाह बंद करणे हाही एक नेहमीचा भाग असे. म्हणजे एकीकडे सुधारक जी बंदी मोडू पाहत होते, तीच बंदी दुसरीकडे प्रतिष्ठेची खूण म्हणून स्वीकारली जात होती. संस्कृती सरळ रेषेत ‘पुढे’ जाते असे मानणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावे.

आता संस्थेविषयी. आधी संस्था आणि संघटना वेगळ्या करा. पतपेढी किंवा महिला मंडळ यांचे आपण सभासद होऊ शकतो, म्हणून त्या संघटना. विवाहाचे सभासद होता येत नाही, तो व्यवहाराची ठरलेली रीत आहे, म्हणून ती संस्था. हा भेद समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मॅकआयव्हर यांचा, आणि परीक्षेतही तो उपयोगी पडतो. विवाहसंस्था समाजात की संस्कृतीत, याचे उत्तर दोन्हींत असे आहे. तिच्यातून पती-पत्नी, सासर-माहेर, वारस अशी नाती उभी राहतात, तो तिचा सामाजिक भाग. कोणाशी, किती वेळा आणि कोणत्या विधीने लग्न करावे याचे नियम आणि मंगळसूत्रासारखी चिन्हे हा तिचा सांस्कृतिक भाग. १८५६ च्या कायद्यात हे दोन्ही भाग एकमेकांत गुंतलेले दिसतात: त्याने विधवेला पुनर्विवाहाची मोकळीक दिली, पण तसे केल्यावर पहिल्या पतीच्या मालमत्तेवरील तिचा हक्क संपेल असेही त्यातच नमूद केले. नियम सैल होताना एक नाते जोडले गेले आणि दुसरे तुटले. त्यामुळे विवाहाला एकाच खान्यात बसवण्याचा आग्रह धरू नका, उत्तरपत्रिकेत दोन्ही अंगे उदाहरणासह लिहा.