कल्पित भाषेला खऱ्या वाटणाऱ्या बोली कशा द्याव्यात?

आपला प्रश्न मला समजला तो असा: कादंबरीसाठी आपण एक भाषा रचत आहात, तिच्या डोंगरी, किनारी आणि राजधानीची अशा तीन बोली आपण कल्पिल्या आहेत, शंभरेक शब्दही तयार आहेत, परंतु त्या तीन बोली एकाच भाषेच्या वाटत नाहीत, तेव्हा ध्वनी आणि बोली नेमक्या कशा ठरवाव्यात, हे आपल्याला हवे आहे. मी स्वतः गेली 11 वर्षे अशी एक भाषा रचत आलो आहे, आणि आपण जिथे अडला आहात तिथे मीही बराच काळ अडलो होतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

माझी चूक ही होती की मी शब्द बदलत होतो. राजधानीत एखादा शब्द ठरवला की डोंगरी बोलीसाठी त्यातले एखादे अक्षर कानाला बरे वाटेल तसे फिरवायचे, आणि पुढच्या शब्दाला वेगळेच काही करायचे. त्यामुळे प्रत्येक जोडी स्वतंत्रपणे बरी दिसे, पण दहा शब्द शेजारी मांडले की त्यांत काही नाते उरत नसे. बोलीत शब्द एकेकटे बदलत नाहीत. ध्वनी बदलतो, आणि तो ज्या ज्या शब्दात असेल तिथे तिथे बदलतो.

हे मला उमगले ते नवी मुंबईतील ऐरोली गावठाणातील मासळीबाजारात. मी ऐरोलीला राहतो, आणि एका मावशींकडून नेहमी मासळी घेतो. एकदा त्या शेजारी बसलेल्या सुनेला आगरीत विचारत होत्या, ‘गारी आली का?’, आणि मिनिटभरात फोनवरच्या गिऱ्हाइकाला सांगताना त्यांच्या तोंडी ‘गाडी’ आले. तेव्हापासून मी कान देऊन ऐकू लागलो. साडीची सारी होते, पाण्याचे पानी होते, डोळ्याचा डोला होतो. डोळ्याचे उदाहरण फार मोलाचे आहे, कारण तिथे ळचा ल झाला तरी सुरुवातीचा ड जागच्या जागी राहिला. ‘गारी’ आणि ‘सारी’ यांत मात्र तो दोन स्वरांच्या मध्ये सापडला म्हणून र झाला. म्हणजे नियमाला ध्वनी लागतो तशी जागाही लागते.

आता ळचा ल, णचा न आणि मधल्या डचा र हे तीन बदल एकत्र पाहावेत. ळ, ण आणि ड हे तिन्ही मूर्धन्य आहेत, म्हणजे जीभ मागे वळवून टाळूला लावून उच्चारले जातात. ल, न आणि र उच्चारताना जीभ पुढे, दातांच्या किंवा हिरडीच्या जवळ येते. वरवर तीन वाटणारे नियम एकाच प्रवृत्तीची तीन रूपे आहेत, आणि ऐकणाऱ्याला बोली ‘एकसंध’ वाटते ती याच कारणाने. आपल्या तिन्ही बोलींना मी हेच देऊ इच्छितो: प्रत्येकीला एक किंवा दोन प्रवृत्ती द्याव्यात, आणि त्या ध्वनींच्या कुटुंबाला लागू कराव्यात, सुट्या अक्षराला नव्हे.

मराठी माणसाला यासाठी लागणारे साधन पहिलीच्या पुस्तकातच मिळालेले असते. आपली वर्णमाला हा ध्वनींचा पद्धतशीर तक्ता आहे: वरून खाली एकेका ओळीगणिक उच्चाराचे स्थान कंठापासून ओठांपर्यंत सरकते (क, च, ट, त, प), आणि प्रत्येक आडव्या ओळीत आधी अघोष (क, ख), मग घोष (ग, घ), शेवटी नाकातून उच्चारला जाणारा अनुनासिक (ङ) अशी मांडणी येते. आपल्या भाषेचे ध्वनी अशाच तक्त्यात भरावेत. कुठले घर रिकामे ठेवायचे, हा ध्वनिव्यवस्थेतील सर्वांत महत्त्वाचा निर्णय आहे. स्वर पाच ठेवले तर भाषा साधी आणि स्वाभाविक वाटते, कारण पाच स्वरांची व्यवस्था जगभर फार आढळते. एस्पेरांतो या मुद्दाम रचलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेतही पाचच स्वर आहेत. व्यंजनांच्या बाबतीत मार्क ओक्रँड यांनी ‘स्टार ट्रेक’ चित्रपटांसाठी रचलेल्या क्लिंगॉन भाषेचे उदाहरण उद्बोधक आहे. परग्रहावरील लोकांची भाषा म्हणून त्यांनी तक्ता मुद्दाम विस्कळीत ठेवला: त्यात आपल्या डसारखा मूर्धन्य ध्वनी आहे पण ट नाही, आणि साधा क सुद्धा नाही, त्याऐवजी घशात खोलवर उच्चारला जाणारा एक ध्वनी आहे. माणसांच्या भाषांत सहसा अशी जुळणी होत नाही, म्हणूनच ती परकी वाटते. आपल्या कादंबरीतले लोक माणसेच असतील, तर तक्त्यातली रिकामी घरे शक्यतो पूर्ण ओळीची किंवा पूर्ण स्तंभाची ठेवावीत; उदाहरणार्थ, महाप्राण (ख, घ यांसारखे) एकही नको, किंवा मूर्धन्य एकही नको.

क्लिंगॉनच्या बोलींतही हेच सूत्र दिसते. तिच्या एका प्रादेशिक बोलीत बच्या जागी म उच्चारला जातो, आणि डच्या जागी त्याच स्थानाचा अनुनासिक. दोन्ही ठिकाणी घोष ध्वनी आपल्या ओळीतील अनुनासिकाकडे सरकला आहे. तक्ता समोर असेल तर हा नियम एका वाक्यात सांगता येतो, आणि मग बोलीतला कोणताही शब्द वाचकाला स्वतःच ओळखता येतो.

याच्या पुढची गोष्ट नियमांच्या क्रमाची. आपल्या भाषेत पाण्याला ‘तकि’ म्हणतात असे धरू, आणि अनेकवचनाचा प्रत्यय ‘ना’ आहे असे मानू, म्हणजे मूळ रूपे तकि आणि तकिना. नियम दोन: इच्या आधीच्या कचा च होतो, आणि शब्दाच्या शेवटचा इ गळतो. डोंगरी बोलीत चचा नियम आधी आला, म्हणून तकिचे तचि झाले आणि मग शेवटचा इ गळून तच् उरले. किनारी बोलीत इ आधी गळला, म्हणून तक् झाले, आणि चचा नियम आला तेव्हा त्या कपुढे इ उरलाच नव्हता. अनेकवचनात इ शेवटी नसल्यामुळे तो कुठेच गळत नाही, आणि दोन्हीकडे तचिना होते. म्हणजे डोंगरात तच्–तचिना अशी सरळ जोडी, आणि किनाऱ्यावर तक्–तचिना अशी वाकडी जोडी. मराठीत ‘माझा’ आणि ‘माझी’ म्हणून पाहावे, झ दोन्हीकडे सारखा लिहिला तरी उच्चार निराळा होतो. असा वाकडेपणा भाषेला वय देतो, आणि तो दोन साध्या नियमांतून आपोआप मिळतो. बसवावा लागत नाही.

नकाशाबद्दल थोडेच सांगतो. आपण डोंगर आणि किनारा वेगळे केलेत ते योग्यच आहे, पण पाण्याला सीमा समजू नये. ठाण्याच्या खाडीवरचा ऐरोलीचा पूल 1999 साली झाला, पण होड्या त्याच्या कितीतरी आधीपासून दोन्ही तीरांवर जात होत्या, आणि ळचा ल दोन्ही तीरांवर ऐकू येतो. उलट वऱ्हाडात त्याच ळचा य होतो, डोळ्याचा डोया. तेव्हा बोलींभोवती तीन रेषा ओढण्याऐवजी प्रत्येक नियमाची रेषा स्वतंत्र काढावी. ती दुसऱ्या नियमाच्या रेषेला छेदली तर चिंता करू नये, तिथे मधल्या गावांच्या मिश्र बोली आपोआप तयार होतील.

नियमामुळे दोन शब्द एक होत असतील तर तेही होऊ द्यावेत. ळचा ल झाला की ‘गाळ’ आणि ‘गाल’ सारखेच ऐकू येतात, आणि बोलणाऱ्यांचे त्यामुळे अडत नाही.

राजधानीच्या बोलीविषयी एक सूचना. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे लेखक टॉल्किन यांनी आपल्या कथांतील एल्फ नावाच्या काल्पनिक लोकांच्या भाषांत एक प्रसंग रचला आहे, त्यात नोल्दोर या एल्फ जमातीच्या क्वेन्या भाषेत ‘थ’सारखा एक ध्वनी ‘स’ झाला, पण त्यांचा राजपुत्र फेआनोर याने जुना उच्चार सोडला नाही, कारण त्याच्या आईच्या नावात तो ध्वनी होता. त्या एका ध्वनीवरून कोण कोणाच्या बाजूचा, हे ठरू लागले. आपल्या राजधानीतही एखादा असा ध्वनी ठेवावा, जो तिथल्या लोकांना प्रतिष्ठेचा वाटतो आणि जो बाहेरून आलेली माणसे मोठ्यांसमोर बोलताना सांभाळून उच्चारतात. मासळीबाजारातल्या मावशींप्रमाणे आपली पात्रे एकाच दिवशी दोन उच्चार करू शकतील, आणि संवादात समोर कोण आहे हे न सांगता कळेल.

आता आपल्या शंभर शब्दांतील दहा घ्यावेत, त्यांची जुनी, तिन्ही बोलींच्या आधीची रूपे लिहावीत, आणि तीन स्तंभांत नियम क्रमाने चालवावेत. पिढ्याही त्यातच दाखवता येतील: किनाऱ्यावरची आजी तचिना म्हणेल, आणि तक्पासून सरळ अनेकवचन करणारी तिची नात तक्ना म्हणेल. आजी तिला दुरुस्त करील, आणि दोघी आपापले रूप चालू ठेवतील.