गाझाच्या गाढवांसाठी डॉग फूडची पोती?

प्रश्न : ताई नमस्कार, मी कोथरूडची. आमच्या सोसायटीत गाझा आणि युक्रेनमधल्या प्राण्यांसाठी मदत जमा करायचं ठरलं, डॉग फूडची पोती, जुन्या चादरी, स्वेटर असं बरंच जमलंय आणि आता कुरियरवाला म्हणतो तिकडं काही जाणार नाही. वर सासरेबुवांचा रोजचा टोमणा, तिकडं माणसं मरतायत आणि तुम्हाला कुत्र्यामांजरांचं पडलंय. काय करू?

उत्तर : कुरियरवाला बरोबर बोलतोय हो. गाझात पिठाचे आणि औषधांचे ट्रकसुद्धा सीमेवर अडकून पडलेले आख्ख्या जगाने बघितले, तिथे तुमच्या चादरींचा नंबर कधी लागणार? पोती आणि चादरी इथल्याच एखाद्या शेल्टरला देऊन टाका, त्यांना कायमच कमी पडतं. तिकडे पाठवायचे ते पैसे.

आता सासरेबुवा. माणूस आधी हे मलाही मान्य आहे, पण ही वाटणी तिकडं होतच नाही ना. गाझात इंधन संपलं तेव्हा पाण्याचे पिंप, जखमी माणसं, घरदार सोडून निघालेली कुटुंबं सगळं गाढवाच्या गाडीवरून हललं, आणि ते गाढव फुटक्या रस्त्यावर पट्टा घासून घासून जखमी झालं, लंगडायला लागलं की त्या गल्लीचं पाणी बंद. सेफ हेवन फॉर डाँकीज ही संस्था तिथे गाढवांवर उपचार करते, म्हणजे मदत नेमकी कोणाला झाली, तुम्हीच सांगा.

आणि उलटंही आहे बरं का, जनावरं माणसांना वाचवतात. अपोपो म्हणून संस्था आहे, ती टांझानियात मोठ्या आफ्रिकन उंदरांना सुरुंगाचा वास ओळखायला शिकवते. मेटल डिटेक्टर प्रत्येक गंजक्या खिळ्याला बोंबलतो, उंदराला फक्त स्फोटकाचा वास कळतो आणि वजन इतकं कमी की सुरुंग फुटत नाही. दोरीला बांधून सोडतात, वास आला की माती खरवडतो, बक्षीस म्हणून केळं नाहीतर शेंगदाणा. टेनिस कोर्टाएवढी जागा अर्ध्या तासात होते, माणसाला त्याला चार दिवससुद्धा लागतात! कंबोडियात काम केलेल्या मगावा नावाच्या उंदराला २०२० मध्ये ब्रिटनच्या पीडीएसए या प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेने गोल्ड मेडल दिलं.

सासरेबुवा जुने पुणेकर असतील तर त्यांना पानशेत धरण फुटल्याची आठवण करून द्या, १९६१ ची. युक्रेनचं कखोव्का धरण ६ जून २०२३ ला फुटलं, तेव्हा घरं, गुरं, शेतं गेलीच पण नदीकाठी पेरलेले सुरुंगही पाण्याबरोबर कुठच्या कुठे वाहून गेले. चिखल वाळला तरी शेतात पाय कसा टाकायचा? पर्यावरण, माणूस, जनावर असं वेगवेगळं काढून दाखवा बघू.

पैशांचं थोडं रुक्ष आहे. परदेशी संस्थेला तुम्ही स्वतः, बँकेमार्फत कायदेशीरपणे देणगी पाठवू शकता, एका आर्थिक वर्षात सगळं मिळून अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे, म्हणजे आपल्याला काळजीच नको, फक्त आयकरात सवलत मिळणार नाही. सोसायटीचा एक डबा फिरवून कोणा एकाच्या खात्यात गोळा करण्यापेक्षा ज्याने त्याने आपापले पाठवलेले बरे. इथलाच एखादा ट्रस्ट आम्ही तिकडं पोचवतो म्हणाला तर त्यांना आयकर खात्याची परदेशात खर्च करायची परवानगी दाखवायला सांगा, ती लागते. आणि इन्स्टावर रडक्या पिल्लाच्या व्हिडिओखाली क्यूआर कोड असेल आणि स्कॅन केल्यावर भलत्याच माणसाचं नाव येत असेल तर सरळ पुढे स्क्रोल करा.