गोळाफेकीसाठी कॉलेज निवडतोयस, तर आधी मायग्रेशनचं वाच

भावा, तुझा प्रश्न दोनदा वाचला. बारावी झाली, सहा किलोचा गोळा चौदा मीटरच्या पुढं जातोय, साताऱ्यातलं एक कॉलेज हॉस्टेल फुकट देतंय आणि सांगलीतलं एक फी माफ करतो म्हणतंय. इथपर्यंत सगळं ठीक. पण शेवटी तू लिहिलंयस, "पहिलं वर्ष पुण्यात काढून बघतो, नाही जमलं तर सांगलीत बदलून घेतो." हेच वाक्य मी विट्याच्या स्टँडवर वडिलांना म्हणालो होतो. म्हणून एवढं लांब लिहितोय.

मी पुण्याला गेलो ते बालेवाडीचा ट्रॅक डोक्यात घेऊन. खोलीपासून तिथं जायला दोन बस लागायच्या. आठवड्यातून दोनदा जाणं व्हायचं, बाकी दिवस कॉलेजच्या पार्किंगमागं फेकायचो. वर्षाअखेरीस घरची अडचण आली आणि मी सांगलीत एस. वाय.ला प्रवेश घेतला. पुणे आणि सांगली ही दोन वेगळी विद्यापीठं. सांगली शिवाजी विद्यापीठात येते. त्यामुळं नुसत्या टीसीवर भागत नाही, मायग्रेशन (जुन्या विद्यापीठाचा सोडल्याचा दाखला) लागतं आणि नव्या विद्यापीठाची एलिजिबिलिटी, म्हणजे पात्रतेची मान्यता, व्हावी लागते. हे मला कुणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. ती चूक माझीच.

पुढचं मात्र माझं नव्हे. जुन्या कॉलेजच्या ऑफिसनं (नाव घेत नाही, आता तिथं वेगळी माणसं असतील) मायग्रेशनचा अर्ज घेतला आणि पोचच दिली नाही. मी चार वेळा सांगलीहून पुण्याला गेलो. एकदा क्लार्क रजेवर, एकदा सही करणारे मीटिंगला, एकदा "तुमचा अर्जच दिसत नाही". चौथ्यांदा तोच अर्ज त्यांच्याच टेबलाच्या काचेखाली मला दिसला, वर चहाच्या कपाचा गोल डाग. इकडं नव्या कॉलेजचं ऑफिस म्हणत होतं, "प्रोव्हिजनल प्रवेश झालाय, खेळायला काय अडचण नाही." अडचण होती. स्पर्धेची एंट्री पाठवायची शेवटची तारीख आली तेव्हा माझी एलिजिबिलिटी झालेली नव्हती. खेळाच्या सरांनी यादीतलं माझं नाव माझ्यासमोरच खोडलं. त्यांचे डोळे भरले होते, त्यांना मी आजही दोष देत नाही.

झोनलला, म्हणजे विभागीय स्पर्धेला, मी गेलो, पण मदतनीस म्हणून. टेपचं शून्याचं टोक धरून सेक्टरमध्ये, म्हणजे गोळा पडतो त्या पट्ट्यात, बसलो होतो. गोळा पडला की खुणेवर टोक दाबून धरायचं आणि सर्कलपाशी (जिथून फेकतात तो गोल) दुसरा माणूस आकडा वाचणार. पहिल्या आलेल्या पोराचा आकडा ओरडून सांगितला, तो माझ्या रोजच्या सरावाच्या फेकीपेक्षा कमी होता. खूण मातीत माझ्या बोटाखाली होती. आंतरविद्यापीठ स्पर्धेला वयाची मर्यादा असते, वर्षं मोजून मिळतात. त्यातलं एक मी असं घालवलं.

म्हणून माझं मत, आणि हे एका माणसाचं मत आहे, असं की विद्यापीठ एकदाच निवड. बदलावंसं वाटलंच तर त्याच विद्यापीठातलं कॉलेज बदल. साताऱ्याचंही नीट विचारून घे. तिथं कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ आता वेगळं आहे, म्हणजे एकाच शहरातली दोन कॉलेजं दोन वेगळ्या विद्यापीठांची असू शकतात आणि संघही वेगवेगळे. कुठल्याही ऑफिसात अर्ज दिलास की दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नकोस. नियम बदलत राहतात, त्यामुळं यंदाचं परिपत्रक क्रीडा संचालकांकडून मागून स्वतः वाच.

आता मैदान. तुला दोन्ही कॉलेजांनी जिम दाखवली असेल. तू सर्कल बघ. 2.135 मीटरचं सिमेंटचं सर्कल आणि पुढं पाय अडवणारा स्टॉप बोर्ड आहे, की मातीवर फक्कीनं गोल ओढलाय? मातीत ग्लाइड (मागं सरकत येऊन फेकणं) कसाबसा जमतो, रोटेशन (गोल फिरून फेकणं) नाही, पाय फिरतच नाही. दुसरं म्हणजे गोळा. कॉलेजात आलास की तुझा गोळा 7.26 किलोचा. सहा किलोवरून आलो तेव्हा माझं अंतर दीड मीटरनं पडलं आणि मला वाटलं आपण संपलो. तसं काही नसतं, पहिल्या वर्षी सगळ्यांचंच पडतं, फक्त त्या काळात कुणीतरी रोज बघणारं हवं. म्हणून सरांना सरळ विचार, "सकाळी मैदानावर तुम्ही असता का?" आणि उत्तरावर विश्वास न ठेवता न सांगता सहाला जाऊन बघ. तुझ्याबरोबर थाळी, भाला किंवा हॅमर फेकणारा एखादा सीनियर असला तर फुकट हॉस्टेलपेक्षा तो मोठा.

सहाला गेलास की आणखी एक दिसेल, पोलीस भरतीची पोरं. मैदानीच्या 50 पैकी 15 गुण गोळ्याला आणि त्यांचाही गोळा 7.26 चाच, त्यामुळं आपल्याकडं बऱ्याच मैदानांवर सर्कलपाशी रांग असते. त्यांच्यावर राग नाही, त्यांचीही पोटाची लढाई आहे. पण रांगेत उभं राहून तासाला बारा फेकी होत असतील तर ते मैदान तुझ्या कामाचं नाही.

सांगली घेणार असशील तर पावसाळ्यात जुलै-ऑगस्टला सराव कुठं करतात तेही विचार. काळी माती आहे, दोन सरींत चिखल होतो, आणि कृष्णा चढली की 2019 सारखं मैदान विसरायचंच.

घरच्यांना गोळ्याबद्दल शंका असेल तर कारगणीच्या सचिन खिलारींचं नाव सांग. आपल्या आटपाडी तालुक्यातला माणूस, 2024 च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये एफ-46 गटात (हाताचं अपंगत्व असलेल्यांचा गट) 16.32 मीटर फेकून गोळ्यात रौप्य. आपल्या भागातल्या पोरानं गोळा हाती धरणं हे वाया गेलेलं काम नाही, एवढं त्यांना पटेल.

तू ग्लाइड करतोस की रोटेशन, ते लिही. आणि दोन्ही कॉलेजांचं सर्कल बघून आलास की फोटो टाक, मग कुठलं घ्यावं ते सांगतो.