वाचकांचे प्रश्न : सायलेन्सर आता फुकट?

प्रश्न : माझा भाचा टेक्सासला असतो, एच-वन-बी व्हिसावर. तो म्हणतो अमेरिकेत बंदुकीच्या सायलेन्सरवरचा टॅक्स गेला, आता कुणीही घ्या. खरंय का हो?

उत्तर : टॅक्स गेलाय, पण तेवढाच. 1934 च्या कायद्याने 200 डॉलर लावले होते, तेव्हा ती रक्कम भलतीच मोठी होती, ते 1 जानेवारी 2026 पासून शून्य झालेत. बाकी सोपस्कार तसेच आहेत, म्हणजे लायसन्सवाला डीलर, फॉर्म 4 म्हणजे माल नावावर करण्याचा अर्ज, फोटो, बोटांचे ठसे, मग एटीएफ, म्हणजे बंदुकांवर देखरेख ठेवणारं तिथलं सरकारी खातं, बॅकग्राउंड तपासणार आणि मंजुरी येईपर्यंत माल डीलरकडेच. शिवाय कॅलिफोर्निया, न्यूयॉर्कसारख्या 8 राज्यांत बंदीच आहे, टेक्सासात चालतं. आणि सिनेमात दाखवतात तसा ‘फुस्स’ आवाज विसरा, 160 डेसिबलचा 130 च्या आसपास येतो इतकंच, कान वाचतात.

पण भाच्याची खरी अडचण व्हिसा आहे. तिथल्या फेडरल कायद्यात सायलेन्सर हाच बंदूक धरला जातो, आणि असल्या व्हिसावर बंदूक बाळगायला मनाई असते, शिकारीचं वैध लायसन्स वगैरे मोजके अपवाद सोडले तर. त्याला म्हणावं आधी वकिलाला विचार, नसता उद्योग करून व्हिसा घालवू नकोस.