प्रमाणपत्रावर नेमका कोणता शब्द आहे?

ताई, आपली मुलगी चार वर्षांची, तिला सेरेब्रल पाल्सी (मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर होणारा परिणाम), जोडीला आकडी आणि अल्पदृष्टी. प्रत्येक तज्ज्ञ आपापल्या खोलीत आपापले सांगतो आणि दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रावर मात्र केवळ ‘अस्थिव्यंग’, म्हणजे हालचालीचे अपंगत्व, एवढेच लिहिले आहे, हे आपल्या पत्रात वाचून सात वर्षांपूर्वीचे आमचे घर डोळ्यांसमोर आले.

आमच्या मुलाच्या प्रमाणपत्रावरही तेवढाच शब्द होता. अपंगत्वाची टक्केवारी सवलतींसाठी लागणाऱ्या ४० च्या वर दिसली, म्हणून समाधानाने कागद कपाटात ठेवला. तीच आमची सर्वांत महागडी चूक. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सेरेब्रल पाल्सी अस्थिव्यंगाच्या गटातच येते, त्यामुळे लिहिणाऱ्याने खोटे काही लिहिले नव्हते. परंतु राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारी संस्थेची निरामय ही आरोग्य विमा योजना, जिच्यात थेरपीसह वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचा खर्च ठरावीक मर्यादांत मिळतो, ती ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांपुरतीच आहे. आमच्या कागदावर यांपैकी एकही शब्द नव्हता, म्हणून अर्ज परत आला. दुरुस्तीला गेलो, तर एका टेबलावर ‘नेत्रविभागाचे पत्र आणा’ आणि नेत्रविभागात ‘आधी तिकडून पाठवायला हवे होते’ असे ऐकत चौदा महिने गेले. तेवढ्यात पैशांअभावी फिजिओथेरपी आठवड्यातून तीनदा होती ती एकदाच उरली आणि मुलाच्या टाचा जमिनीला टेकेनाशा झाल्या. सही करणारे साहेब रजेवर आहेत, एवढे फोनवर सांगणेही त्या कार्यालयात कुणाला जमले नाही, याचा राग अजून आहे.

मी डॉक्टर नाही आणि जिल्ह्याजिल्ह्यात पद्धत बदलते, हे धरूनच सांगतो: फेरतपासणीचा लेखी अर्ज करा, त्यात तिन्ही निदाने शब्दशः लिहा आणि पोच घ्या. एकत्रित टक्केवारी साधी बेरीज नसते. सूत्रानुसार ६० आणि ३० मिळून ९० नव्हे, ७० होतात, तेव्हा त्यावरून वाद घालू नका.

उपचारांबाबत माझे मत जरा आग्रही आहे. सर्वांची पत्रे वाचणारा एकच बालरोगतज्ज्ञ धरा. तो खासगीच हवा असे नाही, जिल्हा रुग्णालयातील शीघ्र हस्तक्षेप केंद्रातही (मुलांच्या वाढीतील अडचणींवर लवकर उपचार करणारा विभाग) विचारा. आमच्याकडे आकडीचे औषध वाढवल्याचे फिजिओथेरपिस्टला कुणी कळवलेच नाही आणि औषधाची गुंगी त्या बिचाऱ्या मुलाचा आळस ठरली. तेव्हापासून औषध, मात्रा आणि बदलाची तारीख एका वहीत लिहून ती प्रत्येकाच्या टेबलावर उघडूनच ठेवतो.

आणि प्रमाणपत्र तात्पुरते असेल, तर त्याची मुदत आजच पाहून घ्या.